नाक वर केलेली गाडी

संध्याकाळी विजापूर रोडला तासभर उभं राहा. नाक आभाळाकडे केलेल्या दोन-तीन तरी थार नाहीतर जुन्या जीपा समोरून जातील. गुबगुबीत टायर, आतून डोकावणारे लाल-पिवळे शॉकअप, आणि बॉनेटच्या पलीकडे ड्रायव्हरचं नुसतं डोकं. पोरं खूश असतात. मला मात्र अशी गाडी दिसली की आधी पुढच्या चाकांकडे बघायची खोड लागलीये. टायर एका बाजूने खाल्लाय का, दोन्ही चाकं सारखी उभी आहेत का... दहातल्या किती गाड्या पास होतात ते विचारू नका.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या मंडळींना पुढचं वाचायला नको :-) पुढचं सस्पेन्शन बसवणं हे एका दिवसाचं काम आणि ते जुळवणं हे महिन्याभराचं. आपण पैसे मोजतो ते पहिल्या कामाचे, आणि गाडी नीट चालते ती दुसऱ्या कामामुळे.

विषय निघाला तो मामेभावामुळे. त्याच्याकडे २०१३ ची थार आहे. थार नावाच्या गाडीच्या दोन पिढ्या झाल्या. पहिली २०१० ला आली, दुसरी ऑक्टोबर २०२० मध्ये. नवीत पुढे कॉइल स्प्रिंग आहेत. जुन्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे. आमची ही जुनी, म्हणून इथलं सगळं त्या जुनीबद्दलच समजा.

गाडी मिरवायची नाही. मोहोळ तालुक्यात त्यांची वस्ती आहे, उसाचं रान, काळी माती. पावसाळ्यात त्या मातीत माणूस चालला तर चप्पल मागे राहते. आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला अशा चाकोऱ्या पाडतात की साधी कार पोटावर टेकलीच. मामींना कंबरेचं दुखणं आहे, महिन्यातून एकदा त्यांना याच गाडीतून सोलापूरला डॉक्टरकडे आणावं लागतं. गाडी पुढून बसली होती. प्रत्येक खड्ड्यात खालून ठक्क असा आवाज, आणि त्या ठक्कबरोबर मामींचं "आई गं". भावाने नेटवर कुठलंतरी किट बघून ठेवलं आणि मला फोन केला.

"दादा, पुढून तीन इंच उचलू. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

तीन इंच! मी म्हटलं, आधी तो लोखंडी बंपर काढ. जुन्या मालकाने पुढे एक दांडगा बंपर आणि त्यावर विंच बसवलेली. भावाने ती विंच चार वर्षांत एकदाच वापरली, शेजाऱ्याची म्हैस विहिरीतून काढायला, आणि ती म्हैस तर ट्रॅक्टरनेही निघाली असती. एवढं वजन पुढच्या टोकाला लटकवायचं आणि मग गाडी पुढून बसली म्हणून किट आणायचं, हे म्हणजे डोक्यावर पोतं घेऊन पाय दुखतात म्हणून नवे बूट घेण्यासारखं झालं. शिवाय असले बंपर आणि क्रॅश गार्ड कायद्यात बसत नाहीत असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. बंपर उतरवला तशी गाडी पुढून वीस मिलिमीटर आपोआप वर आली. खर्च शून्य.

आता टॉर्शन बार म्हणजे काय ते घरच्या वाचकांसाठी. पोलादाचा एक सरळ लांब दांडा. त्याचं एक टोक चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्ममध्ये अडकवलेलं, दुसरं टोक मागे चासीमध्ये. चाक वर गेलं की आर्म फिरतो आणि दांडा पिळला जातो. चाक सुटलं की पीळ उलगडतो. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळताना हाताला उलटा जोर लागतो ना, तोच जोर इथे गाडी तोलून धरतो. (सोलापूरकराला चादरीशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही, इलाज नाही.) कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शेने १९३१ मध्ये याचं पेटंट घेतलं, १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हां गाडीला टॉर्शन बार होते, पुढे बीटलला आले. आपल्या लष्कराच्या टी-७२ रणगाड्याची चाकंसुद्धा टॉर्शन बारवरच उभी आहेत. तेव्हा हे काही हलकंसलकं काम आहे असं कोणी समजू नये.

चासीकडच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की दांड्याची बैठक थोडी फिरते आणि गाडी पुढून वर येते. पाना घ्या, अर्ध्या तासात गाडी दोन इंच वर. फुकटात. सगळा गोंधळ या बोल्टने केलाय.

कारण लोकांना वाटतं बोल्ट आवळला म्हणजे स्प्रिंग कडक झाली. तसं काही होत नाही. दांडा तोच, त्याचा ताठपणा तोच. बदलते ती फक्त गाडी उभी राहण्याची उंची. समजा चाकाला वरखाली मिळून १६० मिलिमीटर हालचाल आहे आणि गाडी मधोमध उभी आहे, म्हणजे ८० वर जायला आणि ८० खाली लटकायला. बोल्टने गाडी ५० मिलिमीटर उचलली. आता वर जायला १३० झाले, पण खाली लटकायला उरले ३०. एकूण १६० ते १६०च. आणि आपल्या रस्त्यांवर चाकाला वर जाण्याइतकंच खालीही जावं लागतं, खड्डा म्हणजे दुसरं काय? चाक खड्ड्यात उतरायला बघतं, तीस मिलिमीटरवर आर्म वरच्या थांब्याला आपटतो, आणि पुन्हा तोच ठक्क. आधी खालून बसायचा, आता वरून. माणूस म्हणतो, "बघा, सस्पेन्शन किती कडक झालं!"

त्याच वेळी चाकाला ताकद पोचवणारा अ‍ॅक्सल जास्त तिरपा होतो. त्याच्या सांध्यावर रबरी बूट असतं, ते सतत दुमडलेलं राहून चिरतं. एकदा चिरलं की आपली काळी माती आत शिरायला किती वेळ लागतो? एका पावसाळ्याचं काम. मग वळताना चाकातून कटकट कटकट, आणि मोठं बिल.

तेव्हा वजन काढूनही गाडी बसत असेल, दांड्यांनी दम सोडला असेल, तर नवे दांडे घालावेत. इथे बाजारातल्या किटला अर्थ आहे. पण तिथेही एक हिशेब पाठ असावा. दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे दांडा फक्त दहा टक्के जाड घेतला तर तो दहा टक्के नाही, जवळपास शेहेचाळीस टक्के कडक होतो. दुकानदार "साहेब, थोडासाच जाड आहे" म्हणतो तेव्हा हा 'थोडासा' लक्षात ठेवा. पुढे विंच, बंपर, जादा बॅटरी नसेल तर जाड दांडा घेऊन मामींची कंबर मोडायची कशाला? आम्ही किंचित जाड घेतला, नवे शॉकअप, सगळे बुश नवे. आणि उंची? कंपनीच्या मूळ उंचीपेक्षा पंचवीस मिलिमीटर जास्त, बस. भाऊ दोन दिवस रुसला होता. एक इंचासाठी एवढा खटाटोप?

बसवायचं काम आमच्या नेहमीच्या चाचांकडे झालं. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. सोलापुरात गाडीचं काम करत त्यांची हयात गेली. डावा-उजवा दांडा त्यांनी आधी वेगवेगळा ठेवला, खडूने खूण केली. हे दांडे कारखान्यातच एका दिशेने पिळून तयार केलेले असतात, डावा उजवीकडे बसवला तर उलटा पिळला जाऊन लवकर मोडू शकतो. जुन्या बोल्टचे आटे किती बाहेर आहेत ते मोजून भिंतीवर लिहिलं. बोल्टला पाना लावण्याआधी गाडी जॅकवर घेऊन चाकं मोकळी केली, कारण सगळा भार अंगावर असलेला बोल्ट फिरवला तर आटेच सोलून निघतात.

मग आर्मचे बुश बसवले आणि बोल्ट नुसते हाताने लावून सोडून दिले. भाऊ म्हणाला, "चाचा, आवळा की आता."

"गाडी खाली येऊ दे रे बाबा. लटकलेल्या गाडीचं बुश आवळत नसतात."

हे दहा वाक्यांत समजावण्यासारखं आहे, पण दोनांत सांगतो. बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं आणि स्वतः पिळूनच आर्मला हलू देतं. चाक लटकलेलं असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताक्षणी ते रबर कायमचं अर्धं पिळलेलं राहतं, मग ते चिरणार नाही तर काय? चाचांनी गाडी खाली घेतली, दोन हात मागे-पुढे ढकलली (जॅकवरून उतरलेली चाकं आखडून उभी असतात, ती मोकळी व्हावीत म्हणून), पुढे दोन माणसं बसवली, आणि मग खाली झोपून एकेक बोल्ट आवळला. वय साठीच्या पुढे. या कामाचे वेगळे पैसे बिलात नव्हते.

उंची मोजायची पद्धतही त्यांच्याकडून शिकावी. जमिनीपासून नाही, कारण टायरमधली हवा कमीजास्त असते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. दोन्हीकडे. डिझेल टाकी किती भरली आहे तेही बघून. डावीकडे चार मिलिमीटर कमी आलं, तर पुन्हा जॅक, पुन्हा बोल्टचा पाव फेरा, पुन्हा गाडी खाली, पुन्हा ढकलणं. असं पाच वेळा. भाऊ तोवर शेंगाचटणी-भाकरी खाऊन आला.

नंतर अलाइनमेंट. इथे माझा राग आहे. एका दुकानात (नाव जाऊ दे) मशीनवर गाडी चढवली, मुलाने काहीतरी फिरवलं आणि म्हणाला, "सर, सगळं हिरवं आलंय." हिरवं म्हणजे काय? मशीनमध्ये गाडी कुठली निवडली होती ते विचारलं, तर कुठलीशी दुसरीच एसयूव्ही. मग हिरव्याला काय अर्थ राहिला? दुसऱ्या दुकानात गेलो, आकडे कागदावर घेतले.

तीन गोष्टी असतात. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीत तो कल म्हणजे कॅस्टर. तो कमी झाला की गाडी हायवेला भरकटायला लागते, वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून परत येत नाही. चाक वरून आत किंवा बाहेर झुकलंय का, तो कॅम्बर. आणि चालताना काहींचे पाय आत वळतात, काहींचे बाहेर, तसा चाकांचा टो. पुढून उंची बदलली की तिन्ही बदलतात, टो तर हमखास. टो चुकला की टायर रंध्याने तासल्यासारखा जातो. मशीन नको, तळहात पुरतो. टायरवरून हात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने धार लागली, की समजावं टो गेला. चाचा अजून दोरी लावून टो बघतात आणि मग मशीनचा कागद बघतात. दोन्ही जुळले तेव्हाच "हां" म्हणाले.

जुन्या जीपवाल्यांनी मात्र हसू नये. आमच्याकडे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे, आम्हाला हे लागू नाही असं त्यांना वाटतं. लागू आहे, वेगळ्या प्रकारे. जीपला पुढून उचलण्याचा सोपा उपाय म्हणजे लांब शॅकल. जुन्या जीपांचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं ते टोक चासीपासून खाली जातं, पाटा आणि त्यावर बसलेला अ‍ॅक्सल पुढे कलतो, आणि कॅस्टर कमी होतो. मग ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं की लोक स्टिअरिंग बॉक्स बदलतात! हायवेच्या कडेला कमानपाट्याची दुकानं असतात ना, ट्रकचे पाटे ठोकून पुन्हा बाक आणून देणारी, तिथल्या जुन्या कारागिराला विचारा. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये तिरपी लोखंडी पाचर घालून तो कल परत आणता येतो. आपण पाचर मारणं हे वाईट अर्थाने म्हणतो, इथे मात्र तीच गाडी वाचवते. आणि ब्रेकचा होज! अ‍ॅक्सल खाली गेला तरी होज तेवढाच लांब. चाक पूर्ण लटकवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून होज ताणला जातोय का ते बघितल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये.

आता पैशाचं. किटचे पाच आकडी पैसे भावाने फोनवर एका मिनिटात भरले. एक शब्द नाही. चाचांनी दोन दिवसांच्या मजुरीचा आकडा सांगितला तर लगेच, "चाचा, काहीतरी कमी करा की." ही आपली सर्वांची सवय आहे, एकट्या भावाची नाही. डब्यातून येणाऱ्या वस्तूला भाव असतो, खाली झोपून पाव-पाव फेरा फिरवणाऱ्या हाताला नसतो. मग तो हात पुढच्या वेळी पाच वेळा मोजायच्या ऐवजी एकदाच मोजतो, आणि त्यात त्याची काय चूक? चाचांचा मुलगा या धंद्यात नाही. तो पुण्याला कुठल्यातरी कंपनीत आहे. "इथं जुळवायला कोण पैसे देतंय," असं चाचाच म्हणाले. मला त्या गुंडाळलेल्या दोरीची काळजी वाटते, उद्या ती कोण धरणार?

(भावाने शेवटी सांगितले तेवढे दिले. मामी, वाचत असाल तर त्याला ओरडू नका.)

"कायद्याचं काय?" असं कोणीतरी विचारणारच, म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. मूळ बनावटीच्या नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ बदललं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. झिजलेला भाग बदलणं वेगळं आणि गाडी तीन इंच उचलून मोठे टायर घालणं वेगळं. मधली रेघ कुठे पडते हे काम करण्याआधी आरटीओत विचारावं, आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. किट विकणारा हे सांगत नाही, त्याचा धंदा आहे.

आणि उचललेली गाडी घेऊन माळावर ट्रायल घ्यायला जाणाऱ्या पोरांना एक विनंती. नान्नजच्या बाजूचा माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. माळढोकासाठी १९७९ पासून तिथे अभयारण्य आहे. गवतात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना तुमचं फोर-व्हील-ड्राइव्ह कळत नाही. खड्डेच हवे असतील तर आमच्या वस्तीच्या रस्त्याला या, चहा पाजतो.

नवे दांडे थोडे बसतातच. पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा मोजलं तर डावीकडे आठ आणि उजवीकडे पाच मिलिमीटर उतरले होते. परत चाचांकडे, परत पाव फेरे, परत टो. या वेळी भावाने घासाघीस केली नाही. मामी आता खड्ड्यात "आई गं" म्हणत नाहीत असं नाही, पण दोन खड्ड्यांमागे एकदा म्हणतात.

एक काम मात्र अजून बाकी आहे, हेडलाइट. गाडी पुढून वर आली की दिव्याचा झोत वर जातो. समोरच्याच्या डोळ्यात जातो हे तर झालंच, पण जवळचा रस्ता अंधारात राहतो. आणि आमच्या रस्त्यावर हंगामात रात्री पुढे काय असतं? दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर आलेला ऊस. तो झोताच्या खाली, अंधारात असतो. गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करून, आधी कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या अंतरावर खूण करून दिवे खाली घ्यायचे आहेत. पंधरा मिनिटांचं काम, त्याला कुठलं किट लागत नाही. भाऊ म्हणतोय रविवारी करू. मी त्याला सांगितलंय, कारखाना सुरू झालाय, रविवारपर्यंत रात्रीचा निघू नकोस.